वाचक विचारतात : फ्री जॅझमध्ये नेमकं मोकळं काय असतं?

मागच्या अंकात ऑर्नेट कोलमन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकावर छोटी नोंद छापली होती. १९५९ साली त्यानं जॅझमधला कॉर्डांचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या गटांचा, ठरलेला क्रम सोडला आणि अशा वाजवण्याला पुढे फ्री जॅझ हे नाव पडलं, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. बँडवाल्यांची आणि कॉलेजच्या मुलांची पत्रं जास्त होती, त्यामुळे त्यांना जागाही जास्त दिली आहे.

मी अंबाजोगाईत शास्त्रीय गायन शिकवते. तुमची नोंद वाचून वाटलं की हा तर आपला आलाप. ताल नाही, बंधन नाही, सुचेल तसं गायचं. बरोबर आहे का?

जवळजवळ उलटं आहे. आलापात ताल नसतो, पण राग पक्का असतो. वर्ज्य स्वर घेतला की ऐकणारा मान वर करून बघतो. कोलमनच्या १९५९च्या वाजवण्यात ताल आहे, तोही चांगला पायानं ठेका धरण्याजोगा. कुठल्या मात्रेला कोणते स्वर चालतील हे सांगणारी चौकट मात्र तिथे नाही.

ही चौकट काय होती ते आधी पाहू. जॅझमधला ब्लूज हा गाण्याचा प्रकार १२ बारांचा असतो. एक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रा. इतर बरीच गाणी ३२ बारांची, म्हणजे १२८ मात्रांची. हे आवर्तनासारखं फिरत राहतं. आपल्या आवर्तनात मात्रा आणि सम ठरलेली असते. इथे त्याबरोबर प्रत्येक बारवर एक कॉर्डही बसवलेला असतो. वाजवणाऱ्यानं त्या क्षणी त्या कॉर्डाला धरूनच सुचवायचं. १९४०च्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी या कॉर्डांची गर्दी वाढवली, लय चढवली, आणि ते शिकून पुढे आलेल्या पिढीला ही चौकट जड होऊ लागली.

१९५९च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत त्यावर तीन उत्तरं रेकॉर्ड झाली. २ मार्चला न्यूयॉर्कमध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसनं 'सो व्हॉट' वाजवलं. त्यातल्या ३२ बारांत फक्त दोन स्वरसप्तकं आहेत: १६ बार एक, ८ बार तेच अर्ध्या स्वरानं वर, ८ बार परत पहिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं, १६ बारांत २६ कॉर्ड, तेही भन्नाट द्रुत लयीत. आणि २२ मेला लॉस एंजेलिसमध्ये कोलमनच्या चौघांनी जे वाजवलं त्यात चाल होती, लय होती, पण एकेकट्याच्या वाजवण्याखाली कॉर्डांचं चक्रच नव्हतं. एकानं चौकट सैल केली, दुसऱ्यानं ती इतकी घट्ट केली की त्यापुढे जाणं अवघड व्हावं, तिसऱ्यानं ती बाजूला ठेवली. ही तिन्ही उत्तरं एकापाठोपाठ ऐकली की फ्री जॅझ कुठून आलं हे कानालाच कळतं.

कोलमनच्या चौकडीत पियानो नव्हता, ही बाबही लहान नाही. पियानोवाला डाव्या हातानं सतत कॉर्ड देतो आणि 'आपण आता इथे आहोत' असं सांगत राहतो. १९५८च्या कोलमनच्या पहिल्या रेकॉर्डवर पियानो होता, आणि तो वाटेत येतो हे ऐकू येतं. तो काढल्यावर बास हे खर्जाचं तंतुवाद्य वाजवणारा चार्ली हेडन मोकळा झाला. कोलमन जिकडे वळेल तिकडे हेडन खालचा स्वर वळवत नेतो. तुमच्या विद्यार्थ्यांना समजावताना पेटीवाल्या साथीदाराचं उदाहरण द्या: गायिका पुढे, पेटी एका श्वासाच्या अंतरावर मागे. ते कान पेटीवाल्याला लागतात, तेच हेडनला लागले.

आलापाच्या जवळ जाणारी गोष्ट पुढच्या टप्प्यात आली. १९६४च्या जुलैमध्ये सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरच्या तिघांनी 'स्पिरिच्युअल युनिटी' रेकॉर्ड केली. तिथे ड्रमवादक सनी मरे ठेकाही सोडतो आणि झांजांवर नुसता थरथरता पडदा धरतो. म्हणजे चौकट दोन वेळा सुटली, आधी कॉर्डांची, मग मात्रांची. त्याआधीही प्रयत्न झाले होते. पियानोवादक लेनी ट्रिस्टानोनं १९४९मध्येच काहीही न ठरवता दोन तुकडे रेकॉर्ड केले होते, आणि सेसिल टेलरची पहिली रेकॉर्ड १९५६ची आहे. टेलर पियानोकडे ८८ सुरांतल्या ड्रमांसारखं पाहायचा. तो ऐकताना बोटांकडे तबलजीच्या बोटांसारखं लक्ष दिलं तर वाट लवकर सापडते.

कोलमनची ३७ मिनिटांची 'फ्री जॅझ' ही रेकॉर्ड मोबाइलवर ऐकली. आठ जण एकदम वाजवतात. नुसता गोंधळ! यात ऐकायचं काय? (उदगीर)

आधी एक साधी गोष्ट तपासा: मोबाइलच्या एकाच स्पीकरवर किंवा छोट्या ब्लूटूथ डब्यावर ऐकलंत का? तसं असेल तर तुम्ही ती रेकॉर्ड अजून ऐकलेलीच नाही. २१ डिसेंबर १९६० रोजी ती दोन चौकड्या एकाच वेळी वाजवून रेकॉर्ड केली, आणि एक चौकडी डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला ठेवली. डाव्या कानात कोलमन, डॉन चेरीचा छोटा ट्रंपेट, स्कॉट लाफारोचा बास आणि बिली हिगिन्सचे ड्रम. उजव्या कानात फ्रेडी हबर्डचा ट्रंपेट, एरिक डॉल्फीची बास क्लॅरनेट, चार्ली हेडनचा बास आणि एड ब्लॅकवेलचे ड्रम. एका स्पीकरमधून हे सगळं एकावर एक ओतलं जातं आणि चिखल होतो. वायरचे इअरफोन घ्या, एल डाव्या कानात आणि आर उजव्या कानात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर बंद करा.

पहिल्यांदा पूर्ण ३७ मिनिटं ऐकू नका. सुरुवातीची पाच मिनिटं फक्त डावा कान, मग तीच पाच मिनिटं फक्त उजवा, मग दोन्ही. थोड्या वेळानं लक्षात येईल की एक जण पुढे आहे आणि बाकीचे त्याला उत्तरं देताहेत: त्याचाच तुकडा उचलून, उलटा करून, किंवा गप्प राहून. आधी फुंकवाद्यांची पाळी येते, मग दोन्ही बासांची, शेवटी ड्रमांची, आणि मधल्या सांध्यांवर सगळे मिळून आधी लिहिलेला छोटा तुकडा वाजवतात. हे सांधे म्हणजे मैलाचे दगड. ते मोजत गेलात तर हरवणार नाही.

आणि गोंधळ या शब्दाबद्दल. तुळजापूर तुमच्यापासून लांब नाही. चौक मांडल्याशिवाय, दिवटी पेटवल्याशिवाय, गण आणि देवतांना आवाहन झाल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. तरी संबळवाला कुठे घुमवेल, तुणतुणं कुठे थांबेल, मागचा साथीदार मध्येच काय विचारेल, हे कागदावर नसतं. ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरतं. त्या अर्थानं तुम्ही वापरलेला शब्द चुकलेला नाही.

तरीही या रेकॉर्डनं सुरुवात करू नये असं आमचं मत आहे. २२ मे १९५९च्या सत्रातलं 'लोन्ली वूमन' आधी घ्या, साधारण पाच मिनिटांचं. ड्रम द्रुत लयीत धावतात, बास दोन तारा एकदम छेडून खालचा सूर धरतो, आणि त्या धावपळीवर ट्रंपेट व सॅक्सोफोन एक विलंबित, दुखरी चाल मिळून वाजवतात. दोन लयी एकमेकींना न अडवता चालतात. आठ दिवस रोज एकदा ऐका. चाल गुणगुणता यायला लागली की मोठ्या रेकॉर्डकडे वळा.

छत्रपती संभाजीनगरहून : हे संगीत आणि कृष्णवर्णीयांची चळवळ यांचा संबंध खरोखर होता, की नंतर जोडला गेला?

होता, पण प्रत्येकाचा सारखा नव्हता. जॅझवादकांनी घटनांना सरळ उत्तरंही दिली. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात चर्चमध्ये बॉम्ब पेरून चार मुलींना मारलं; दोनच महिन्यांनी कोल्ट्रेननं 'अलाबामा' रेकॉर्ड केलं. सॅक्सोफोनवादक आर्ची शेपनं १९६५च्या 'फायर म्युझिक'मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना आदरांजली वाहिली. मात्र प्रत्येक किंचाळणाऱ्या सुराला घोषणा समजणं चूक ठरेल. आयलरच्या सुरांत चर्चमधली भजनं आणि लष्करी बँडच्या चाली आहेत, आणि तो आपल्या वाजवण्याबद्दल अध्यात्माच्या भाषेतच बोलायचा.

आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते व्यवस्थेचं काम. क्लबवाले या वादकांना बोलवत नव्हते. ऑक्टोबर १९६४मध्ये ट्रंपेटवादक बिल डिक्सननं न्यूयॉर्कच्या एका छोट्या कॅफेत सलग कार्यक्रम ठेवले आणि त्यांना 'ऑक्टोबर रिव्होल्यूशन इन जॅझ' असं नाव दिलं. मे १९६५मध्ये शिकागोत म्यूहल रिचर्ड एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी एएसीएम ही संघटना काढली. तिथे सभासदांनी आपलीच रचना वाजवायची, आपले कार्यक्रम आपणच भरवायचे आणि वस्तीतल्या मुलांना संगीत शिकवायचं. मुख्य प्रवाहानं दार उघडायची वाट न बघता स्वतःचं व्यासपीठ उभं करण्याची ही रीत तेव्हाच्या औरंगाबादेतून निघणारं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक वाचलेल्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

कोलमन प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवायचा म्हणे. ते खेळणं होतं का? (जालना)

खेळणं नव्हतं. ग्राफ्टन नावाचा तो ब्रिटिश बनावटीचा ऑल्टो सॅक्सोफोन होता, अंग पांढऱ्या ॲक्रिलिकचं आणि चाव्या धातूच्या. १९५४मध्ये पितळी वाद्य परवडत नव्हतं म्हणून कोलमननं तो घेतला. चार्ली पार्करनंही मे १९५३मध्ये टोरांटोच्या मैफलीत ग्राफ्टनच वाजवला होता. आवाज कोरडा, पितळेची झणक कमी. आज जुना ग्राफ्टन कुठे मिळाला तरी वाजवण्यासाठी घेऊ नका. अंग तडकतं, स्प्रिंगा वेगळ्या धाटणीच्या असतात आणि दुरुस्ती करणारे त्याला हात लावायला तयार होत नाहीत.

मी माजलगावच्या बँडपार्टीत ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो. आयलर, कोल्ट्रेन यांच्यासारखा फाटलेला, किंचाळणारा आवाज काढायला गेलो की ओठ कापतो आणि नुसती शिट्टी येते. कसं करायचं?

तुम्ही दातानं सूर वर ढकलताय. लग्नाच्या वरातीत दोन-तीन तास मोठ्यानं वाजवणाऱ्याला ही सवय लागतेच. ओठ दमला की जबडा त्याचं काम उचलतो. आधी ती मोजा. माउथपीस वाद्याच्या गळ्यापासून काढा आणि नुसतं तेच फुंका. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप लावा. ऑल्टोचं माउथपीस साधारण ८८० हर्ट्झला, किंवा जरा खाली वाजायला हवं. आकडा ९५०च्या पुढे जात असेल तर तुम्ही आवळताय. खालचा ओठ सैल करा, हवा पोटातून तेवढीच जोरात ठेवा, आणि आकडा खाली आणा. आठवडाभर रोज दोन मिनिटं एवढंच.

मग मुख्य रियाज. सगळ्या चाव्या बंद करून सर्वांत खालचा स्वर धरा, म्हणजे बी फ्लॅट. त्याला सा म्हणा. आता बोटं अजिबात न हलवता त्याच नळीतून वरचे सूर काढायचे. आधी वरचा सा येईल, त्यानंतर त्याच्या वरचा पंचम, मग त्याहून वरचा सा, मग गंधार. नळीत हे सूर मुळातच असतात, तंबोऱ्याच्या खर्जात गंधार ऐकू येतो तसे. ते बाहेर काढायला दात लागत नाहीत, जीभ लागते. तोंडात 'आ' म्हणताना जीभ खाली असते, 'ई' म्हणताना मागून वर येते. 'आ' कडून 'ई' कडे जात वरचा सूर शोधा. पहिले काही दिवस फक्त वरचा सा मिळेल, पंचम कधी लागेल कधी निसटेल. घाई करून दात लावलात तर सूर लागेल खरा, पण बारीक आणि चढा, तुमच्या पत्रातल्या शिट्टीसारखा. पंधरा मिनिटांच्या वर हा रियाज करू नका. ओठ बधिर झाला की कान काय सांगतात ते ओठाला कळत नाही.

फाटलेला आवाज ही वेगळी गोष्ट. सूर वाजवत असताना घशात दुसरा सूर गुणगुणा, सा वाजत असेल तर घशात रे किंवा ग. दोन्ही एकमेकांवर घासतात आणि आवाजाला खरखर येते. सुरुवातीला गुणगुणणं चालू केलं की फुंक कमी पडते आणि सूर बंद होतो. म्हणून आधी नुसती फुंक आणि गुणगुण माउथपीसशिवाय जमवून घ्या. तिसरा प्रकार म्हणजे एकाच वेळी दोन-तीन सूर. खालच्या स्वराची पकड तशीच ठेवून वरच्या हाताची मधली एखादी चावी उघडा. नळीला कोणत्या लांबीवर वाजायचं ते ठरवता येत नाही आणि दोन्ही लांब्यांचे सूर मिसळून येतात. प्रत्येक वाद्यावर हे थोडं वेगळं लागतं, म्हणून जमलेली पकड वहीत लिहून ठेवा.

एवढं करूनही खालचा बी फ्लॅट बोलत नसेल तर दोष तुमचा नसून पॅडचा, म्हणजे चावीखालच्या भोक झाकणाऱ्या गादीचा असण्याची शक्यता जास्त. वरातीची धूळ आणि एप्रिल-मेची कोरडी झळ यांनी पॅड आक्रसतात आणि भोक पूर्ण झाकत नाहीत. खोलीत अंधार करा, गणपतीच्या आराशीतली बारीक एलईडी लाइटची माळ नळीत सोडा, आणि एकेक चावी हलक्या बोटानं बंद करा. पॅडच्या कडेनं उजेड दिसला तिथून हवा जाते. चावी जोरात दाबून उजेड बंद होतो म्हणून समाधान मानू नका. वाजवताना तेवढा दाब राहत नाही. चिकटणाऱ्या पॅडखाली पातळ कोरडा कागद धरून दोन-तीनदा दाबा. पावडर टाकू नका, ती ओलीशी मिळून गच्च बसते.

रीडचं, म्हणजे माउथपीसला लावायच्या पातळ पट्टीचं म्हणाल तर या कामाला अडीच नंबर पुरे. वाजवण्याआधी दोन-तीन मिनिटं साध्या पाण्यात ठेवा आणि नंतर पुसून सपाट डबीत. उन्हाळ्यात माउथपीसवरच राहिलेली रीड टोकाला लाटेसारखी होते. ती तशीच वाजवली तर चीं-चीं करते आणि तुम्हाला वाटतं आपलं तोंड बिघडलं. आणि हा रियाज छोट्या बंद खोलीत करत असाल तर कानात फोमचे बोळे घाला.

आम्ही परभणीच्या कॉलेजातले पाच जण: क्लॅरनेट, पेटी, हलगी, संबळ आणि एक जण टाळ-घुंगरू. काहीही न ठरवता वाजवून पाहिलं. अर्ध्या मिनिटात सगळेच जोरात, आणि तुकडा संपतच नाही. काय चुकतं?

सगळेच जोरात होतात कारण कुणालाच स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. एकानं वाढवलं की दुसरा वाढवतो, आणि बंद खोलीत हलगी सगळ्यांना गिळते. म्हणून पहिले आठ दिवस हलगी तापवू नका, जाड काठी बाजूला ठेवा आणि बोटांनी किंवा नुसत्या बारीक काडीनं वाजवा. गोल बसा, सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसले पाहिजेत. मोबाइल मधोमध ठेवून रेकॉर्ड करा आणि तीन मिनिटांचा गजर लावा.

पहिला खेळ: एका वेळी एकानंच वाजवायचं, तेही एकच आघात किंवा एकच सूर. तो पूर्ण विरल्यावर दुसऱ्या कुणीही पुढचा टाकायचा, क्रम ठरलेला नाही. तीन मिनिटं फार लांब वाटतील. दोन जण एकदम सुरू झाले तर दोघांनी थांबायचं. दुसरा खेळ: एका वेळी जास्तीत जास्त दोघं. तिसऱ्याला यायचं असेल तर आधीच्यातल्या एकानं बाहेर पडायचं, आणि कुणी बाहेर पडायचं हे नजरेनंच ठरवायचं. हे दोन खेळ आठ-दहा दिवस करा. रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येकानं स्वतःबद्दल बोलायचं नाही, शेजाऱ्यानं काय वाजवलं ते सांगायचं. सांगता आलं नाही, तर वाजवताना ऐकलेलं नव्हतं.

पेटीवाल्याला वेगळी सूचना. तो सा-प धरून ठेवत असेल तर क्लॅरनेट आपोआप त्या सप्तकात अडकते. कोलमननं पियानो का ठेवला नाही ते वर लिहिलंच आहे. पेटीवर एकावेळी एकच स्वर, आणि भाता थांबवून मधेमधे शांतता. टाळ-घुंगरूवाल्याला कमी लेखू नका. शिकागोच्या वादकांनी शिट्ट्या, घंटा, खुळखुळे अशी छोटी वाद्यं मंचावर भरपूर मांडली होती. मोठी वाद्यं थांबतात तेव्हा शांततेला कड देण्याचं काम तीच करतात.

नंतर एक चाल बांधा, १६ मात्रांची, सगळ्यांना पाठ. ती दोनदा मिळून वाजवा, मग चार मिनिटं मोकळं, मग पुन्हा चाल. संपण्याचा प्रश्न इथेच सुटतो. तुमचा तुकडा संपत नाही कारण प्रत्येक जण दुसऱ्यानं थांबण्याची वाट बघतो. खूण एकाकडे द्या, आणि ती आवाजात असू द्या: क्लॅरनेटवाल्यानं चालीचे पहिले तीन सूर वाजवले की जो जिथे असेल तिथून चालीवर यायचं. संबळवाला हमखास एक आवर्तन उशिरा येईल, कारण त्याचं घुमवणं अर्धवट तोडायला मन होत नाही. तोडायला लावा. चाल एकदाच वाजवा आणि शेवटच्या मात्रेला सगळ्यांनी वाद्यांवर हात ठेवा.